आमची वीज बघायला मुंबईला

मुंबईहून आल्यापासून मला पाण्यावरून परतायला उशीर होतो. घागर बुडवायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय काय बघितलंस गं?" एकीला समुद्र ऐकायचा असतो, एकीला तिथल्या बायकांची पातळं, आणि पाटलांच्या सुनेला लिफ्टमध्ये काय झालं ते पुन्हा पुन्हा. सांगून सांगून हकीकत दर खेपेला थोडी बदलायला लागली आहे, म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं.

जाणं कसं घडलं ते आधी सांगते, कारण टोपीवाला ड्रायव्हर असलेल्या खासगी गाडीतून मुंबई बघावी अशी आमची ऐपत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भाद्रपदात मुंबईचे एक शेठजी आमच्या मुळशीच्या धरणाचं पाणी बघायला आले. परतताना त्यांची लांबलचक काळी गाडी रस्ता सोडून आमच्या भाताच्या खाचरात उतरली आणि पोटापर्यंत रुतली. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आणि त्यांचे दोस्त खंडूमामा यांनी बैल जुंपून ती बाहेर काढली. खंडूमामा धनगर. बैल आमचे होते, पण ओरडणं मामांचं. डोंगरापलीकडच्या मेंढरांना हाका मारून मारून त्यांचा गळा असा तयार झालाय की बैल निम्मे त्या ओरडण्यानेच पुढे सरकले.

शेठजींनी खिशात हात घातला तर आबांनी मान हलवली. शेठजी म्हणाले, "मग दुसरं काही मागा."

आबा म्हणाले, "आमची वीज बगायची हाय."

शेठजींना ते कळलं नाही, म्हणून मी समजावून सांगितलं. आबा तरणे होते तेव्हा त्यांचं घर आणि शेत धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घराचं जोतं अजून वर येतं आणि आबा त्यावर जाऊन बसतात. त्या पाण्यावर वीज होते आणि तारांवरून मुंबईला जाते. आमच्या घरात अजून रॉकेलची चिमणी आहे. ती वीज तिकडे नेऊन एवढं काय करतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं, असं आबा माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणत आलेत.

शेठजी हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं. भातं झाली की गाडी पाठवतो म्हणाले, आणि खरोखर पाठवली.

आता घरातली एक गोष्ट सांगावीच लागेल. माझ्या यजमानांचं नाव महादू. हे मी लिहिते आहे, तोंडाने घेतलेलं नाही. वर्षभरापूर्वी ते त्याच धरणावर राखणदार म्हणून नोकरीला लागले, आणि त्या दिवसापासून आबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोघं एकाच ओसरीवर बसायचे. आबा मला हाक मारून म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, बैलाला पेंड घाल." हे तिथंच हाताच्या अंतरावर बसलेले असायचे. मी म्हणायचे, "बैलाला पेंड घाला म्हणतायत." हे म्हणायचे, "घातली म्हणावं." मी वळून आबांना म्हणायचे, "घातली." दोघंही निमूट ऐकून घ्यायचे. चुलीवर दूध उतू जात असलं तरी मला हे सोडून उठता यायचं नाही.

मुंबईचं ठरलं तेव्हा हे मला म्हणाले, "आबांना इचार, मी येऊ का?" आबा म्हणाले, "त्याला म्हणावं तू तुझं धरण राख." तो विषय तिथंच संपला. मला मात्र नेलं, कारण माझं माहेर पुण्याचं, नाना पेठेतलं, सातवी झालेली मी एकटीच, आणि पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं.

मुळशी ते मुंबई

मार्गशीर्षात सकाळी गाडी आली. ड्रायव्हर परब, मालवणचे. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, आणि दार उघडून धरायची अशी सवय की आबा उतरून पुन्हा बसले तरी ते पुन्हा उघडून धरायचे. आबांनी तसं दोनदा करून बघितलं.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून आबांनी धरणातले जिवंत मरळ मासे घेतले होते. मरळ थोड्या पाण्यातही लवकर मरत नाही. तांब्याच्या घागरीत पाणी, पाण्यात मासे आणि तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. परबांनी फडकं जरा उचलून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग घागर त्यांनी स्वतः उचलून मागच्या डिकीत अशी ठेवली, की मला माझ्या माहेरच्यांनीही कधी तसं धरून बसवलं नसेल.

वाटेत चांद्याला आबांची थोरली बहीण, धोंडाआत्या, यायची होती. पिरंगुटच्या पुढे बैलगाडीची वाट लागली आणि परबांची टोपी दर खड्ड्याला छताला लागायला लागली. आत्या वेशीवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. आधी त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, मग परबांना. दार लावल्यावर म्हणाल्या, "हे आपसूक उघडलं तर?" परब म्हणाले, "उघडत नाही, आत्या." आत्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बाहेरून दार धरलं. मुंबई येईपर्यंत ते धरून होत्या. दंड भरून आला की म्हणायच्या, "जरा थांबवा, हात बदलते," आणि परब गाडी थांबवायचे.

हिंजवडीच्या माळावर खंडूमामांच्या भावकीची मेंढरं चरत होती. मामांनी गाडी थांबवायला लावली. उतरले नाहीत, कुणाला हाकही मारली नाही. काच खाली करून ताठ बसून राहिले. भावकीतल्या दोघा-तिघांनी आपल्याला नीट पाहिलं याची खात्री झाल्यावर म्हणाले, "हं, चला."

खंडाळ्याचा घाट आत्यांनी डोळे मिटून पार केला, त्यामुळे मधे घाट लागतो हे त्यांना आजही पटत नाही. पनवेलला जेवलो. मुंबई कधी सुरू झाली ते कळलं नाही. घरं संपायची थांबली, एवढंच.

शेठजींचं घर

शेठजींची इमारत समुद्राकडे तोंड करून उभी आहे आणि त्यांचं घर वरच्या मजल्यावर. दारात शेठजींच्या आई उभ्या होत्या. घरात सगळे त्यांना बा म्हणतात. आबांनी घागर पुढे केली. बांनी फडकं उचललं, आत एक मरळ वळवळला, आणि बांनी दार लावून घेतलं.

शेठजींच्या घरी कांदासुद्धा चालत नाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि परबांना माहीत असूनही त्यांनी सांगितलं नव्हतं. शेठजी बाहेर आले, आबांचे हात धरले, म्हणाले, "तुमची भेट मला पोचली. पण जीव आहे. उद्या परब हे मासे गोड्या पाण्यात सोडून येतील." परबांनी "जी शेठ" म्हटलं. मागून मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण खांदे उतरलेले दिसले. घागर पुन्हा डिकीत गेली.

जेवण चांदीच्या ताटात आलं. वरण गोड होतं. आबांनी एक घास घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गूळ सांडलाय ह्यांचा. सांगू नगंस, वाईट वाटंल." खंडूमामा पुऱ्या न मोजता खात होते आणि वाढणारा माणूस थकून उभा राहिला होता. आत्यांनी गाठोड्यातला मिरचीचा ठेचा काढला. त्यात लसूण होता, म्हणून बा चार हात लांब बसल्या, पण वासाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी उठून गेल्या नाहीत.

मग दिवे लागले. आबा हात धुऊन प्रत्येक खोलीत फिरून आले. छताला दिवा, भिंतीला दिवा, आरशावर दिवा, देवापुढे समई आणि तिच्यावर पुन्हा दिवा. माझ्या कानाशी म्हणाले, "सूनबाई, हितं हाय आपली."

पण थोड्याच वेळात बा उठल्या आणि एकेका खोलीतला दिवा बंद करत निघाल्या. ज्या खोलीत माणूस नाही तिथला दिवा त्यांच्या घरात जळत नाही. आबा बोळात उभे राहून बघत होते. बा पुढे गेल्या तसं आबांनी मागे जाऊन पहिल्या खोलीतला दिवा लावला. बा परतल्या, त्यांनी तो बंद केला. आबांनी दुसऱ्या खोलीतला लावला. दोघंही एकमेकांकडे न बघता, न बोलता, बोळातून ये-जा करत होते. घरातला नोकर हातात पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकून उभा होता. शेवटी दोघांची गाठ बटणापाशीच पडली.

"विझवता कशापाय?" आबांनी विचारलं. "आमचं अख्खं गाव बुडालंय ह्याच्यासाठी."

बांना मराठी थोडं येतं. त्या म्हणाल्या, "भाई, आत कोणी नथी. कोणासाठी जळते?"

आबांनी बटणावरचा हात काढला. ते आमच्या खोलीत येऊन कॉटवर बसले. मला म्हणाले, "एवढी आणली ओढून, आन हे वापरीत बी न्हाईत." खंडूमामा गादीवर झोप लागत नाही म्हणून खाली फरशीवर घोंगडी टाकून पडले होते. ते म्हणाले, "मग परत मागून घे." आबा त्यांच्यावर रागावले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

परबांची मुंबई

शेठजींचे पाहुणे म्हणजे बहुतेक परदेशातले साहेब. त्यांना शहर दाखवायचं काम परबांकडे असतं आणि ते त्यांना ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत येतं. सकाळी गेटवेला गाडी लावून त्यांनी दारं उघडली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "लेडीज अँड जंटलमन, धिस इज द गेटवे." पुढेही बरंच म्हणाले.

आत्यांनी विचारलं, "ह्ये काय म्हणत्यात?"

मला कळलं तेवढं सांगितलं. मग परबांना म्हटलं, "अहो, मराठीत सांगा की."

परब ओशाळले. "मला हे इंग्रजीतच पाठ आहे, वहिनी. मराठीत सांगायला गेलो तर मधलं विसरतो. मागे राणीच्या बागेत एकदा विसरलो आणि सगळं पुन्हा गेटवेपासून सुरू करावं लागलं."

म्हणून ते इंग्रजीत सांगत आणि मी अर्धं समजून, अर्धं जुळवून सांगे. एका ठिकाणी मी सांगितलं की ही कमान कुणा राजाच्या स्वागताला बांधली. खंडूमामा म्हणाले, "मग त्यो आला का?" मी परबांना विचारलं. परब म्हणाले, "आला असावा. त्याच्यापुढचं माझ्या भाषणात नाही."

भाषण संपलं की फोटो. परब म्हणायचे, "इथे उभे राहा सगळे. समुद्र मागे." आम्ही उभे राहायचो. आबा फेटा सारखा करायचे, आत्या पदर दोन्ही खांद्यांवर घ्यायच्या, खंडूमामा काठी पुढे धरायचे. परब पाच-सहा पावलं मागे जायचे, एक डोळा बारीक करून आमच्याकडे बघायचे, मला जरा डावीकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "झालं. चला." कॅमेरा नव्हता. साहेब लोकांकडे असतो, आणि इथे थांबून उभं राहायचं असतं एवढं परबांना ठाऊक होतं. पहिल्यांदा मी बोलणार होते. पण आबा इतके मनापासून उभे होते की मी गप्प राहिले. दुसऱ्या ठिकाणी मीसुद्धा केस सारखे केले.

मलबार हिलच्या बागेत झुडपं कापून हत्ती, उंट असे आकार केले आहेत. खंडूमामा तिथे बराच वेळ हिंडले. एवढी हिरवळ आणि तिच्यात एक शेपूट हलत नाही, हे त्यांना बघवेना. माळ्याला गाठून त्यांनी विचारलं, "ह्ये खायचं कुनी?" माळी म्हणाला, "कोणी नाही." "मग कापता कशाला?" "वाढतं म्हणून." मामा परत येऊन आबांना म्हणाले, "इजंसारखंच हाय हितं समदं."

आबा मात्र दुपारपर्यंत अस्वस्थ होते. प्रत्येक ठिकाणी परबांना एकच विचारत, "आमची वीज कुटं जळतीया ते दाखवा." परब म्हणत, "आबा, दिवसा कशी दिसणार? संध्याकाळी गच्चीवरून दाखवतो. शेवटी तेच असतं."

दुपारी मासे सोडायला गेलो. आत्यांनी चौपाटीवर पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि सांगितलं की खाऱ्या पाण्यात ते मरतील. मग परबांनी वाळकेश्वरला बाणगंगेवर नेलं. समुद्राच्या काठाशी असून तिथलं पाणी गोडं. आत्यांनी तेही चाखून पाहिलं. पायऱ्यांवर बसलेल्या एका भटजींनी विचारलं, "काय सोडताय?" आत्या म्हणाल्या, "नवस हाय."

आबांनी घागर आडवी केली. मासे एकेक करून सटकले, सर्वांत थोरला मात्र घागरीच्या तोंडाशी अडला. परबांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तो बाहेर काढला. काढल्यावर लगेच सोडला नाही. हातात धरून ठेवला. "आमच्याकडे ह्याचं तिरफळ घालून तिखलं करतात," ते कुणाकडे न बघता म्हणाले. मग हात पाण्यात नेले आणि उघडले. मासा खाली गेला. परबांनी रुमालाने हात पुसले, टोपी सारखी केली आणि आम्हाला पायऱ्यांवर फोटोला उभं केलं. ही जागा त्यांच्या ठरलेल्या क्रमात नव्हती, म्हणून भाषण झालं नाही.

लिफ्ट

दिवेलागणीच्या आधी आम्ही इमारतीत परतलो. गच्ची सर्वांत वर. आत्या आणि खंडूमामा सकाळी एकदा लिफ्टमधून उतरले होते आणि पुन्हा त्या पिंजऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणून जिन्याने निघाले. परब गाडी लावायला गेले. लिफ्टमध्ये आबा, मी आणि लिफ्टवाला. लिफ्टवाला साताऱ्याकडचा, खाकी कपड्यातला, स्टुलावर बसलेला. त्याने जाळीचं दार ओढलं, दांडा फिरवला आणि आम्ही वर निघालो.

मधेच दिवा गेला आणि लिफ्ट थांबली. समोर भिंत होती, दोन मजल्यांच्या मधली. वरून थोडासा उजेड येत होता, तोही बाहेरच्या संध्याकाळचा, आणि तो कमी होत होता.

"कुनी थांबवलं?" आबांनी विचारलं.

"लाइट गेली, बाबा," लिफ्टवाला म्हणाला. "सगळ्या इमारतीची गेली."

"कुठनं गेली?"

"मागनंच गेली असंल. जिथनं येती तिथनं."

तो सहज बोलला. त्याला काय माहीत आम्ही कुठले. पण आबा हळूच खाली बसले, लिफ्टच्या फळीवर, पाठ भिंतीला लावून.

"जिथनं येती तिथनं," ते म्हणाले. मग मला विचारलं, "सूनबाई, ह्या येळंला त्यो तितंच असतो ना?"

"हो."

"एकटाच?"

"एकटेच. रात्रपाळी असली की."

"पान्याशी?"

मी हो म्हटलं. मला वाटलं आता ते रागाने काही बोलतील. पण ते उठले, जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि वर तोंड करून हाक मारली. "म्हादूऽऽ."

वर्षभरात मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लिफ्टवाला स्टुलावरून उठला. "महादू कोण? आपला वॉचमन?"

नाव घेता येत नाही आणि नातं सांगावं तर अंधारात परक्या माणसाला काय सांगू. मी म्हटलं, "यांचा मुलगा."

"कुठल्या मजल्यावर असतो?"

"मुळशीला."

तो पुन्हा स्टुलावर बसला. आबांनी पुन्हा हाक मारली. "म्हादू. बाप अडकलाय रं हितं."

जिन्यावर खंडूमामा कुठेतरी वर होते. त्यांना फक्त नाव ऐकू आलं. त्यांना वाटलं महादू मागोमाग मुंबईला आला आणि या अंधारात जिना चुकला. त्यांनी कठड्यावर वाकून, डोंगरावर मारतात तशी हाक मारली. मी मघाशी त्यांच्या गळ्याबद्दल लिहिलंय. ती हाक जिन्याच्या पोकळीतून खाली गेली, तळाला आपटून वर आली. मग दुसरी. आत्यांनीही सुरू केलं, "म्हादू, हितं ये रं, घाबरू नगंस."

दारं उघडायला लागली. कुणी मेणबत्ती घेऊन आलं, कुणी बॅटरी. गुजराती, इंग्रजी, कोकणी, सगळ्या भाषांत एकच प्रश्न: कोण हरवलं. आमच्या जाळीवरून उजेड सरकत होते. कुणीतरी म्हणालं, लहान मूल आहे. कुणीतरी म्हणालं, खाली पाण्याच्या टाकीपाशी बघा. बांचा आवाज मी ओळखला. त्या मेणबत्ती घेऊन जिन्यात उभ्या होत्या आणि ज्यांच्याकडे दोन मेणबत्त्या होत्या त्यांना एक विझवायला सांगत होत्या.

तेवढ्यात खालून धावत पावलं आली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरचा स्वयंपाकी, हाताला पीठ लागलेलं. "मी महादू," तो धापा टाकत म्हणाला. "काय झालं? गावाकडून कोण आलंय का?"

आणि लाइट आली. लिफ्ट एक हिसका देऊन वर सरकली आणि पुढच्या मजल्यावर थांबली. लिफ्टवाल्याने दार ओढलं. समोर निम्मी इमारत उभी होती, आणि सर्वांच्या पुढे पीठभरल्या हातांचा महादू. आबा आणि तो एकमेकांकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर गावाकडची काहीतरी बातमी ऐकायची तयारी होती. आबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू न्हाईस," ते म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पर आलास पळत. बापाला पत्र टाकतोस का?"

तो म्हणाला, "कधीमधी."

"टाक," आबा म्हणाले, आणि उरलेला जिना चढायला लागले.

गच्चीवर परब मागच्या, नोकरांच्या जिन्याने आधीच येऊन उभे होते. समुद्राच्या कडेने दिव्यांची वाकडी ओळ लांबवर गेली होती आणि तिच्या मागे सगळं शहर पेटलेलं होतं. मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं, आणि सांगायला गेले की पाण्यावरच्या बायका म्हणतात, दिवाळीसारखं का. हो म्हणून टाकते.

परबांनी भाषण सुरू केलं तसं आबांनी हात वर केला. "ह्यातली आमची कोनची?"

"ते कसं सांगणार, आबा? दोन-तीन धरणांची येते. तारेत मिसळते."

"एक तर दाखवा."

परबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गच्चीच्या कठड्याशी जाऊन बोट लांब केलं. "तो. टोकाचा. वळणावरचा. तो मुळशीचा."

आम्ही चौघंही कठड्याला टेकून तो एक दिवा शोधू लागलो. आत्या म्हणाल्या, "त्यो तर मिनमिनतोय."

"लांबनं येतोय त्यो," आबा म्हणाले. तो सापडल्यावर त्यांनी बाकीच्या दिव्यांकडे फारसं पाहिलं नाही. परबांनी फोटोला बोलावलं तेव्हाही तोंड तिकडेच होतं, आणि परबांनी ते चालवून घेतलं.

परत

दुसऱ्या दिवशी निघालो. बांनी आत्यांकडून ठेचा कसा करतात ते विचारून घेतलं, लसूण वगळून. वाटेत आबा फार बोलले नाहीत. चांद्याला आत्या उतरल्या तेव्हा त्यांनी दार सोडलं आणि परबांना सांगितलं, "आता तुमी संबाळा."

मुळशीत पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. खंडूमामा गाडीतून उतरून सरळ वाड्याकडे मेंढरं बघायला गेले. यांना त्या दिवशी रात्रपाळी नव्हती, हे ओसरीवर कंदील पुसत बसले होते. आबांनी वहाणा काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि ओसरीवर आपल्या जागी बसले. मी सवयीने दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"काल दिवेलागनीला कुटं हुतास?" आबा म्हणाले.

मी वळून ते यांना सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. यांनीही आधी माझ्याकडेच पाहिलं. मी दोघांच्या मधून बाजूला झाले.

"धरणावर," हे म्हणाले. "का?"

"लाइट गेली हुती मुंबईची. पिंजऱ्यात अडकलो हुतो मी."

यांनी कंदील खाली ठेवला. मग म्हणाले, "आबा, लाइट माझ्या हातात नसती. मी नुसता दरवाज्यापाशी बसतो. कुनी येऊ-जाऊ नये म्हनून."

"म्हाईत हाय मला." आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "वारं लागत आसंल तितं."

"लागतं."

"उद्या खंडूकडनं घोंगडी घे. नवी इणलीया त्यानं."

मी आत जाऊन चूल पेटवली. परबांना जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नव्हतं आणि घरात सुका मासा होता. बाहेर आबा लिफ्टची हकीकत सांगत होते. त्यांच्या सांगण्यात लिफ्ट बरीच उंचावर अडकली होती आणि इमारतीतली सगळी माणसं त्यांनाच सोडवायला आली होती. हे मधेमधे प्रश्न विचारत होते. भाकऱ्या होईपर्यंत दोघांचं जुंपलं, मुंबईला समुद्र उगवतीला आहे की मावळतीला यावरून. आबा म्हणत होते, मी बघून आलोय. हे म्हणत होते, बघितलं म्हणून काय झालं. आवाज चांगलेच चढले होते. परब मधे पडू बघत होते. मी त्यांना आत बोलावून पाटावर बसवलं आणि म्हटलं, "असू द्या, तुम्ही जेवा."